गोकाकचा धबधबा नेमका कधी बघावा? पावसाळा सोडून जाण्यात काही अर्थ आहे का?

निपाणीची_सूनबाई
नमस्कार मंडळी. आमची नणंद नाशिकला, भावजय ठाण्याला. दोघींची मुलं शाळेत, त्यामुळे इकडं येणं फक्त दिवाळीत नाहीतर मे महिन्यात. दर वेळी "बेळगाव जिल्ह्यातला तो गोकाकचा धबधबा दाखवा" अशी फर्माईश असते, आणि दर वेळी आमचे मामंजी म्हणतात, "पाण्याशिवाय धबधबा म्हणजे नवऱ्याशिवाय वरात. जुलैत या म्हणावं." जुलैत यायला शाळा सोडत नाही.
तर जाणकारांनो, दिवाळीत तिथं पाणी असतं का? मे महिन्यात अगदीच कोरडं असतं का? सोबत म्हातारी माणसं आणि लहान पोरं असतील. सीमाभागातले दुसरे धबधबे सुचवले तरी चालतील, पण खूप चालायला लागेल असे नकोत.

टिळकवाडीकर
जुलैचा शेवट ते सप्टेंबर. बाकीच्या वेळी तिथली करदंट मिठाई खायला जा.

करदंट_प्रेमी
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. विशेषतः दुसऱ्या वाक्याला.

चंदगडी_पाऊस
वैनी, पहिली गोष्ट म्हणजे गोकाकात पाऊस आहे का हे बघून गोकाकला जायचं नसतं. गोकाक पर्जन्यछायेत. तिथं छत्री न उघडताच जुलै निघून जातो. फॉल्सवरून पडतंय ते पाणी आमचं. घटप्रभा आमच्या तालुक्यात सह्याद्रीत उगवते, ताम्रपर्णी कोवाडवरून जाऊन तिला मिळते. इकडं दिवसरात्र पाऊस पडूलाय, फाटकवाडीचं धरण भरलंय, कोवाडच्या बाजारपेठेत पाणी शिरतंय का म्हणून लोक जागूलाहेत, आणि तिकडं गोकाकात ऊन. टुरिस्ट म्हणणार, "अरे वा, पाऊस नाही तरी धबधबा!"
तेव्हा चंदगडची बातमी बघा, मग गाडी काढा.

हुक्केरी_हायवे
@चंदगडी_पाऊस, पाणी तुमचं खरं, पण ते मध्ये हिडकलला अडतं हे विसरलात. राजा लखमगौडा धरण, 51 टीएमसी (अब्ज घनफूट). जून-जुलैत चंदगडात कितीही कोसळू दे, धरण भरत आलं नसेल तर दरवाजे उघडत नाहीत. पाण्याची पातळी 2175 फुटांच्या जवळ गेली की मग सोडतात. त्यामुळे फॉल्सचा खरा हंगाम ठरवतो तो हिडकलचा दरवाजा.

गडहिंग्लजचा_नाना
अर्धंच बरोबर. हिरण्यकेशी कुठं गेली?
हिरण्यकेशी आंबोलीत उगवते, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत येते आणि हिडकल धरणाच्या खाली घटप्रभेला मिळते. म्हणजे ती हिडकलात अडत नाही. तिच्यावर वरच्या अंगाला लहान धरणं आहेत, पण आंबोलीचा पाऊस पेलण्याएवढी त्यांची पोटं नाहीत. म्हणून हिडकल अर्धं रिकामं असतानाही जुलैत फॉल्सवर पाणी येतं. ते सगळं हिरण्यकेशीचं.
आमच्याकडं साधी खूण आहे. नांगनूर, निलजी, ऐनापूर हे हिरण्यकेशीवरचे बंधारे पाण्याखाली गेले अशी बातमी आली की गोकाकला पाणी निघालं समजायचं. त्यानंतर हिडकलचे दरवाजे उघडले तर मग विचारूच नका. 2019 च्या ऑगस्टात दोन्हीकडून एकदम आलं, खालून मार्कंडेय नदीही भरून आली, आणि गोकाक गावात पाणी शिरलं, लोळसूरचा पूल बुडाला. 2021 च्या जुलैतही पूल पाण्याखाली होता. अशा वेळी धबधबा बघायला जाऊ नये, गप घरात बसावं.

हुक्केरी_हायवे
नाना, मान्य. संकेश्वरचा पूल रोज ओलांडूनही हिरण्यकेशीचा हिशोब धरला नव्हता बघा.

फोटोवाला_अनगोळ
रंगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जुलैतलं पाणी तांबडं, गढूळ, जाड. घोड्याच्या नालेसारख्या कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पडदा, आणि आवाज एवढा की शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं. फोटोत मात्र चिखल दिसतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गाळ बसतो, पडद्याच्या धारा सुट्या होतात, पाणी पांढरं दिसायला लागतं आणि मागचा दगडही दिसतो. बघायला जुलै-ऑगस्ट, टिपायला सप्टेंबर-ऑक्टोबर.
उंची 52 मीटर आहे. "भारताचा नायगारा" वगैरे जे लिहितात, ते कड्याच्या घोड्याच्या नालासारख्या वळणामुळे. उगाच रुंदीची तुलना करून निराश होऊ नका.

पुण्यातला_बेळगावकर
प्रत्येक राज्यात एक नायगारा असायलाच हवा असा कायदा आहे काय?

निपाणीची_सूनबाई
बापरे, एवढं भूगोलाच्या तासालाही कुणी सांगितलं नव्हतं. पण माझा प्रश्न दिवाळीचा आहे हो! आणि पाणी अचानक वाढतं का? पोरं खडकावर उतरायचा हट्ट करणार.

गडहिंग्लजचा_नाना
वाढतं. हेच सगळ्यात महत्त्वाचं. डोक्यावर ऊन, आभाळ निरभ्र, खडक उघडा, म्हणून लोक कडेपर्यंत जातात. वर हिडकलला सोडलेलं पाणी काही तासांनी तिथं पोचतं आणि ते काही ओरडत येत नाही. पावसाळ्यात वरच्या खडकावर पोरांना सोडूच नका. शेवाळ असतंच शिवाय. पाणी उतरल्यावर, डिसेंबरनंतर, खडक वाळतो तेव्हा गोष्ट वेगळी, तरी हात धरूनच.

शहापूरची_अक्का
दिवाळीचं मी सांगते. आम्ही भाऊबीजेनंतर जातो कधीमधी. पाणी असतं, पण अख्ख्या कड्यावरून नाही, एका अंगानं धारा असतात. परतीचा पाऊस चांगला झाला असेल तर चांगलं असतं, नाहीतर बारीक. पण गर्दी कमी, ऊन कोवळं, झुलत्या पुलावर निवांत उभं राहता येतं. पावसाळ्यात पाणी जास्त असलं की पूल बंद ठेवतात, मग लांबूनच बघा. म्हाताऱ्या माणसांना दिवाळीच बरी. माझ्या जाऊबाईंचे गुडघे दुखतात, त्यासुद्धा चालल्या.
जाताना दशम्या, शेंगाचटणी, दही घरून न्या. तिथं एका ठिकाणी जेवलो, भाताला ना चव ना चटक, आणि बिल बघून आमच्या ह्यांचं तोंड उतरलं.

अंकलगी_नाका
दिवाळीत बारीक का असतं त्याला कारण आहे. पावसाळा संपला की हिडकलमधून पाणी सोडतात ते शेतीसाठी. ते नदीतून धुपदाळच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथं डाव्या कालव्यात वळतं. धुपदाळ फॉल्सच्या वरच्या अंगाला. म्हणजे नदी धबधब्यापर्यंत पोचायच्या आधीच निम्मीअधिक शेतात जाते. आमच्या उसाला पाणी मिळतं म्हणून तुमच्या फोटोतली धार बारीक होते. त्याबद्दल आम्ही माफी मागणार नाही.

टिळकवाडीकर
ऊस म्हणजे साखर, साखर म्हणजे कुंदा. माफ केलं.

निवृत्त_मास्तर_वडगाव
धुपदाळचा विषय निघालाच आहे तर. तो बंधारा 1897 चा, ब्रिटिश काळातला. त्याच्याही आधी फॉल्सची गिरणी. कंपनी 1885 साली स्थापन झाली आणि 1887 मध्ये याच धबधब्याच्या उतारावर पाण्याच्या जोरावर सूत कातायची सोय झाली. कड्याशेजारून खाली उतरणारे जाड पाईप दिसतात ते वीजघराचे. खाली वीजघरापर्यंत कामगारांना न्यायला रोपवे आहे. तो पर्यटकांसाठी नाही, तेव्हा नातवंडांना आधीच समजवा, नाहीतर तिथं भोकाड पसरतात.
मला विचाराल तर गोकाक बघायचा तो पाणी ओसरल्यावरच. पावसाळ्यात माणूस पाण्याकडं बघतो, दुसरीकडं नजर जातच नाही. काठावर उत्तर चालुक्यांच्या काळातली देवळं आहेत, महालिंगेश्वराचं त्यातलं सगळ्यात देखणं. त्यावरचं कोरीवकाम जुलैत कुणी बघतं का? धावत जाऊन सेल्फी, भिजलेली भजी, परत गाडीत. मार्चमध्ये जा. कड्याचे थर मोजता येतात. तो आपला बेळगावकडचा काळा दगड नव्हे, कलादगीचा वालुकाश्म, दख्खनच्या लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा. आंबोलीचा धबधबा काळ्या बसाल्टवरून पडतो आणि गोकाकचा या जुन्या वालुकाश्मावरून. इतक्या जवळच्या दोन धबधब्यांखाली दगड एवढा वेगळा, हे पाण्याखाली असताना कळत नाही.

फोटोवाला_अनगोळ
मास्तर, मार्चमध्ये दगड तापलेला असतो, मुलं म्हणणार "धबधबा कुठाय?" आणि तुम्ही म्हणणार "थर मोजा". लहान पोरांसाठी हा सल्ला मला तरी पटत नाही.

निवृत्त_मास्तर_वडगाव
पोरं थर मोजतात. मोठी माणसं मोजत नाहीत. सकाळी नऊच्या आत जा.

बागलकोट_रिटर्न
गोकाकचं करदंट की अमिनगडचं? एकदाचं ठरवा.

करदंट_प्रेमी
@बागलकोट_रिटर्न, गोकाकचं. डिंक, खारीक, खोबरं, गूळ, आणि हातात धरलं तर तुटायला वेळ लागला पाहिजे. अमिनगडचं मऊ वाटतं मला.

बागलकोट_रिटर्न
मऊ?? दात गेले काय तुमचे?

ॲडमिन
विषयाला धरून.

खानापूरचा_पोर
गोकाक गोकाक काय लावलंय. जांबोटीच्या पुढं गवाळी-चापोलीकडं वज्रपोहा आहे, म्हादई तिथं खाली उडी मारते, सुमारे 200 मीटर. आजूबाजूला पूर्ण जंगल. त्यापुढं गोकाक म्हणजे गिरणीचं पाणी.

घाटवाटा
वज्रपोह्याला म्हातारी माणसं आणि लहान पोरं? वैनींनी "खूप चालायला लागेल असे नकोत" लिहिलंय. शिवाय पावसाळ्यात वनखातं त्या बाजूच्या धबधब्यांवर लोकांना सोडत नाही. भीमगड अभयारण्य लागूनच आहे, 2011 मध्ये जाहीर झालं. गेलात तरी तो लांबूनच बघायचा, खाली उतरायची वाट नाही. उगाच जाऊन परत फिरवले गेलात तर दिवस वाया.
दूधसागरचंही कुणी सांगायच्या आत सांगतो, रेल्वेरुळावरून चालत जायचं नाही. 2023 च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी तिथं आलेल्या पोराटोरांना उठाबशा काढायला लावल्या होत्या, व्हिडिओ सगळीकडं फिरला.

खानापूरचा_पोर
त्यात मी नव्हतो.

पुण्यातला_बेळगावकर
तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. 😄

टिळकवाडीकर
कितवाड? बेळगावहून जवळ आहे, चालायला लागत नाही.

चंदगडी_पाऊस
कितवाड आमचं, पण रविवारी येऊ नका. बेळगावची निम्मी गर्दी तिथं असते, बाटल्या फोडून जातात. आमच्या पोरांच्या पायात काचा जातात. एकदा शनिवार-रविवार सोडून या, मग बघा काय छान आहे ते. आणि हा सल्ला पावसाळ्याचाच. दिवाळीनंतर तिथं धार उरत नाही.

वैनी_कंग्राळी
सूनबाई, गोडचिनमलकीचा विचार करा. मार्कंडेयचा धबधबा, दोन टप्प्यांत पडतो, वरचा मोठा, खालचा लहान. रेल्वेने गेलात तर पाच्छापूर स्टेशन जवळ. गोकाकपेक्षा हिरवा, झाडी जास्त. याचीही खूण सांगते: मार्कंडेयवरचं राकसकोप धरण भरून वाहायला लागलं की तिकडं पाणी जोरात. राकसकोपचं पाणी बेळगावच्या नळाला येतं, त्यामुळे ते भरल्याची बातमी आपल्याकडं कुणी चुकवत नाही. पण मार्कंडेय लहान नदी, लवकर ओसरते. गोकाकला दिवाळीत धारा असतात, तशा इथं असतीलच असं नाही.
आणि अजून एक, बायकांना बस फुकट! जून 2023 पासून शक्ती योजना आहे. बेळगावहून गोकाकला साध्या बसने आम्ही मैत्रिणी गेलो, तिकिटाचे पैसे शून्य, सगळे करदंटावर घातले.

निपाणीची_सूनबाई
निपाणी कर्नाटकातच, म्हणजे मी फुकट. नणंदेचं आधार नाशिकचं. तिला तिकीट. आता हे तिला मीच सांगायचं होय?

शहापूरची_अक्का
नणंदेला तिकीट आपणच काढावं. पुढची दिवाळी गोड जाते.

पक्षीवेडा_कोल्हापूर
या धाग्यावर अजून हिवाळ्याबद्दल कुणी लिहिलं नाही याचं नवल वाटतं. डिसेंबर-जानेवारीत फॉल्सवर पाणी जेमतेम असतं, पण फॉल्सच्या वर जे पाणी धुपदाळला अडतं, तिथं पक्षी उतरतात. घटप्रभा पक्षी अभयारण्य तेच, 1974 पासून. कांड्या करकोचे येतात थव्यांनी, चित्रबलाक असतात, बगळे तर किती. सकाळी लवकर पोचलं तर काठावरूनच दिसतात, चालायचं काम नाही. दुर्बीण असेल तर घ्या, नसेल तर कुणाची तरी उसनी. तिथून धबधबा जवळच. म्हणजे अंकलगी_नाका म्हणाले ते पाणी धबधब्यावर का नाही, ते कुठं गेलं, हे पोरांना प्रत्यक्ष दाखवता येईल: बंधारा, कालवा, पक्षी, आणि मग कोरडा कडा. माझ्या पुतण्याला तेच जास्त आवडलं, धबधब्यापेक्षा.
नाताळच्या सुट्टीत जमतं का बघा.

हुक्केरी_हायवे
मे महिन्याचं मी सांगतो, आमच्या हद्दीतलं आहे म्हणून. मेमध्ये फॉल्सवर जाऊ नका, उन्हानं जीव जाईल आणि बघायला कडाच. त्याऐवजी हिडकलकडं या. धरणाचं पाणी खाली गेलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाण्यातून वर येतं. गाव पाण्यात गेलं, देऊळ तेवढं उरलं. एरवी बुडालेलं असतं, उन्हाळ्यात पाणी हटलं की लोक पायी चालत दर्शनाला जातात. पाऊस लवकर सुरू झाला की परत बुडतं. पण संध्याकाळी या, दुपारी नको. चिखल असेल तिथं पाय घालू नका, वरून वाळलेला दिसतो.

निवृत्त_मास्तर_वडगाव
हे उत्तम सुचवलंत. मी विसरलोच होतो हुन्नूर.

उचगाव_ते_उंबर्डा
आंबोलीबद्दल कुणी बोललं नाही का? सगळं पाणी तिथूनच येतंय म्हणता.

गडहिंग्लजचा_नाना
आंबोली पावसाळ्यात शनिवार-रविवारी म्हणजे वाहनांची रांग. आत भिजणारे, बाहेर माकडं. मधल्या वारी जावं, सकाळी. दिवाळीपर्यंत तिथला मुख्य धबधबाही उतरतो. पण हिरण्यकेशीचा उगम गुहेतून आहे, तिथं देऊळ आहे, ते दिवाळीत निवांत बघता येतं. पाण्याचं मूळ बघायचं आणि मग दुसऱ्या दिवशी गोकाकला तेच पाणी पडताना बघायचं, असा बेत आमच्या घरी एकदा ठरला होता. पाहुणे म्हणाले, "दोन दिवस पाणीच बघायचं काय?" आणि बेत मोडला.

पुण्यातला_बेळगावकर
नाना, पाहुणे बरोबर होते.

निपाणीची_सूनबाई
सगळ्यांचे आभार! मामंजींना सगळं वाचून दाखवलं. हिरण्यकेशीचा भाग ऐकून ते म्हणाले, "हे मला माहीत होतं." नव्हतं.
आता असं ठरवलंय. दिवाळीत परतीचा पाऊस किती झाला ते बघून जायचं, आदल्या दिवशी कुणी गोकाकचं असेल तर इथं सांगा. सकाळी धुपदाळ, मग फॉल्स, पूल, देवळं, दशम्या देवळाजवळ सावलीत. मेमध्ये संध्याकाळी हुन्नूर. आणि जुलैत मी आणि हे दोघंच जाणार, पोरांना मामंजींकडं ठेवून. ते अजून त्यांना सांगितलेलं नाही.

फोटोवाला_अनगोळ
जुलैत जाताना नांगनूरची बातमी बघा आणि मधल्या वारी जा. कठड्याच्या आतून बघा. रेनकोट नको, छत्री तर नकोच, तुषारांनी तसेही भिजता.

अंकलगी_नाका
15 ऑगस्टला अजिबात नाही. पार्किंग मिळत नाही, गोकाकहून फॉल्सपर्यंत गाड्या अडकतात. बसने कोण्णूरला उतरून चालत आलेले बरे.

बागलकोट_रिटर्न
सगळं ठरलं, पण करदंट कुठल्या गावचं न्यायचं ते ठरलं नाही.

करदंट_प्रेमी
धबधबा गोकाकचा बघणार आणि करदंट अमिनगडचं आणणार? काय माणूस आहात हो!

ॲडमिन
करदंटासाठी वेगळा धागा काढा. इथं यापुढचे करदंटाचे प्रतिसाद उडवले जातील.

टिळकवाडीकर
नवीन धाग्याची लिंक टाका.

करदंट_प्रेमी
काढलाय. पाककृती विभागात. बागलकोट_रिटर्न, या तिकडं.